कृपया गाडी पुसू नये

माझं एक मत आहे आणि ते सोसायटीत बोलून दाखवल्यापासून लोक माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघतात. मत असं की रोज सकाळी गाडी पुसणं बंद करा. धुवा, जरूर धुवा, पंधरा दिवसांनी धुवा नाहीतर महिन्याने धुवा, पण मधल्या दिवसांत तिच्यावर धूळ बसली तर बसू द्या, हात लावू नका. धूळ गाडीचं काहीही बिघडवत नाही, नुसती बसून असते बिचारी. बिघडवतं ते फडकं.

आमच्या कोथरूडात, म्हणजे खरं तर सगळ्याच पुण्यात, पद्धत अशी की पहाटे साडेपाच-सहाला गाड्या पुसणारे दादा येतात, हातात एक बादली, खांद्यावर दोन फडकी, आणि लोक उठून चहा टाकेपर्यंत वीस-पंचवीस गाड्या उरकून पुढच्या सोसायटीत पोचलेले असतात. बादलीतलं पाणी पहिल्या गाडीला नितळ, पाचव्या-सहाव्या गाडीपर्यंत मळकं, आणि तुमचं पार्किंग जर अगदी शेवटच्या टोकाला असेल तर तुमच्या वाट्याला येतो तो अख्ख्या सोसायटीच्या धुळीचा काढा. तो काढा फडक्याने गोल गोल बोनेटला चोळायचा, फडकं पिळायचं, परत चोळायचा. ओली आहे तोवर गाडी काय चकाकते! आणि नऊ वाजता आपण खाली येतो तेव्हा आपणही खूश, चला, महिन्याचे पैसे वसूल.

दादांचा यात दोष नाही हे आधीच सांगून टाकते. एका गाडीला जेमतेम पाच मिनिटं मिळतात त्या माणसाला, त्यात प्रत्येक गाडीला ताजं पाणी तो आणणार कुठून आणि सोसायटी आणू देणार का.

आता ही धूळ म्हणजे काय ते बघा. पुणं बसलंय काळ्या दगडावर, बेसॉल्टवर. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर ज्या दगडात कोरलंय तोच दगड वाघोली-मोशीकडच्या खाणींतून क्रशरमध्ये जातो, त्याची खडी होते, क्रश सँड होते, आणि मग मेट्रो, उड्डाणपूल, आणि प्रत्येक गल्लीत रिडेव्हलपमेंटला पडलेली एक तरी बिल्डिंग, या सगळ्यातून उडत उडत त्याचं पीठ आपल्या गाडीच्या टपावर येऊन बसतं. यातली काही खनिजं इतकी कडक असतात की काचेवरसुद्धा ओरखडा ओढतील. आणि आपण ती घासतो कशावर, तर क्लिअर कोटवर. गाडीचा रंग म्हणून आपण जो बघतो त्याच्यावर एक पारदर्शक थर असतो, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी जाडीचा, आणि ती शोरूममधली जी काय खोल चमक म्हणतो आपण ती सगळी त्या एवढ्याशा थराची असते. उन्हापासून खालच्या रंगाला वाचवतो तोही तोच. एकदा घासून गेला की गेला, त्यावर परत रंगकामच.

खोटं वाटत असेल तर रात्री पार्किंगमध्ये जा आणि मोबाइलचा टॉर्च बोनेटवर मारा. गाडी काळी, गडद निळी, लाल अशी असेल तर बघायलाच नको. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक बारीक गोल ओरखडे दिसतील. गंमत म्हणजे ते गोल नसतातच. सगळ्या पृष्ठभागावर सगळ्या दिशांना ओरखडे असतात, पण दिव्याच्या भोवती जे आडवे येतात तेवढेच उजेड परत आपल्या डोळ्यात फेकतात, म्हणून जाळं गोल दिसतं. डोकं इकडे तिकडे हलवून बघा, जाळंही दिव्याच्या मागोमाग सरकत येतं. पांढऱ्या गाडीवर हे दिसत नाही, आणि मला वाटतं आपल्याकडे पांढऱ्या गाड्या एवढ्या खपतात त्यात ऊन कमी लागतं वगैरे कारणांबरोबर हेही एक कारण असणार. असो.

माझी गाडी गडद निळी. तर मी एक दिवस दादांना गाठून म्हटलं, दादा, उद्यापासून माझी गाडी पुसू नका. त्यांचा चेहरा उतरला, त्यांना वाटलं महिना बंद. म्हटलं नाही, पैसे तेवढेच, फक्त बॉडीला हात लावायचा नाही, काचा करा, पायाखालच्या मॅट झटका, बास. तर ते म्हणाले, "ताई, तसं नाही चालत. तुमची गाडी धुळीत दिसली तर बाकीचे म्हणतील हा काम करत नाही." आणि हे मला सुचलंच नव्हतं. माझ्या गाडीवरची धूळ ही त्यांच्या नावावर जमा होत होती. आठवडाभर ते मला टाळत राहिले आणि लपूनछपून बोनेट पुसत राहिले, हे मला कळायचं कारण पुसल्यावर वायपर ते नेहमी उभे करून ठेवायचे. शेवटी मीच तोडगा काढला, आतल्या बाजूने मागच्या काचेला कागद लावला: "या गाडीची बॉडी मालकिणीच्या सांगण्यावरून पुसली जात नाही. कृपया गाडी पुसू नये." पुण्यात पाटी लावली की कुठलीही गोष्ट अधिकृत होते. दादा निर्धास्त झाले, सेक्रेटरी काकांनी दोनदा थांबून वाचली आणि काही न बोलता गेले, आणि कुणीतरी कार्ट्याने धुळीतच बोटाने डिकीवर लिहिलं "मग धुवा". (मुलांनो, बोटाने लिहिणं हे पुसण्यापेक्षा वाईट, अक्षरं धुतल्यावरही दिसतात.)

तर धुणं. धुते मी स्वतः, रविवारी, सकाळी सातला, ऊन बोनेटवर यायच्या आत. सुरुवातीला खाली उतरले की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून हमखास विचारायच्या, "अगंबाई, मिस्टर गावाला गेलेत का?" मिस्टर वर झोपलेले असायचे. त्यांना गाडी म्हणजे इकडून तिकडे जायची वस्तू यापलीकडे काही वाटत नाही आणि एका घरात असा एकच माणूस असणं हे संसाराला बरं असतं.

बादल्या दोन हव्यात, यावर मी कुणाचंही ऐकून घेत नाही. एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं. हातात घालायचा मायक्रोफायबरचा मोजा मिळतो, तो शांपूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळखळून धूळ सोडवायची आणि मगच परत शांपूत. दुसऱ्या बादलीच्या तळाशी शेवटी जी काळी बारीक रेती बसते ती चिमटीत घेऊन बोटांवर चोळून बघा एकदा, कचकच लागते, ती एरवी फडक्यात असती. पण त्याच्याही आधी गाडी नुसत्या पाण्याने भिजवून घ्यायची, हात न लावता. त्यासाठी मी नर्सरीत मिळतो तो झाडांना औषध मारायचा पाच लिटरचा हातपंप आणलाय. धूळ भिजून फुगते, अर्धीअधिक ओघळून जाते, आणि पाणी लागतं अगदी थोडं. चाकं सगळ्यात आधी आणि त्यांचा स्पंज वेगळा, कारण चाकांवर जी काळी धूळ असते ती ब्रेकची, तिच्यात लोखंडाचा कीस असतो, तो स्पंज चुकून दाराला लावलात तर मग काय बोलायलाच नको. मग टप, काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग, आणि बंपर आणि दारांच्या खालचा चिखल सगळ्यात शेवटी. हात सरळ रेषेत फिरवायचा, गोल नाही.

शांपू गाडीचाच घ्या. भांड्याचं लिक्विड तेल-तूप काढायलाच बनवलेलं असतं, ते गाडीवरचं मेणही काढून नेतं. कपड्याची पावडर तर नकोच. केसांच्या शांपूची छोटी पाकिटं वापरणारे बरेच आहेत, ते वॉशिंग पावडरपेक्षा बरं, एवढंच म्हणेन.

पाण्याचा विषय निघाला की पुण्यात वातावरण तापतं आणि तापावंच. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चार धरणं मिळून २९.१५ टीएमसी, हा आकडा इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो कारण जून-जुलैत रोज पेपरात पहिल्या पानावर तोच. एप्रिल-मेमध्ये दिवसाआड पाण्याची चर्चा सुरू असताना कुणी पाइप सोडून गाडी धुताना दिसलं की मलाही राग येतो. बागेचा साधा पाइप मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज ओततो आणि माणूस तो बाजूला सोडून फोनवर बोलत बसतो. माझं सगळं मिळून दोन-तीन बादल्यांत होतं, आणि रोजच्या अर्ध्या बादलीचा महिन्याचा हिशोब केला तर न पुसणारी मीच कमी पाणी वापरते, हे मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडलेलं आहे. मिनिट्समध्ये आलं नाही.

या बाबतीत एक सल्ला सगळीकडे फिरत असतो, की आरओचं वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरा. ऐकायला फार छान. पण आरओ मशीन काय करतं, तर चांगल्या पाण्यातले क्षार काढून ते वाया जाणाऱ्या पाण्यात सोडतं, म्हणजे त्या पाण्यात क्षार मुळापेक्षा जास्त. ते गाडीवर वाळलं की पांढरे गोल डाग, आणि उन्हात ते डाग क्लिअर कोटमध्ये रुततात. फरशी पुसा त्याने, टायर धुवा, पण टप-बोनेटला नको. टँकरचं, बोअरचं पाणीही तसंच, बावधन-बाणेरच्या पुढे राहणाऱ्या माझ्या मैत्रिणींच्या गाड्यांच्या काचा बघून कळतं कुणाकडे बोअर आहे ते. धरणाचं पाणी त्यामानाने मऊ. आणि त्याहून मऊ पाणी हवं असेल तर ते उन्हाळ्यात आपल्या गॅलरीत फुकट टपकत असतं, एसीचं. हवेतली वाफ गार होऊन झालेलं पाणी ते, त्यात क्षार जवळपास नाहीतच. मी एसीच्या नळीखाली बादली लावते आणि शेवटचा हात त्या पाण्याचा मारते, पंपात भरून, गाळून घेऊन. काकूंना आधी वाटलं मी काहीतरी व्रत करतेय.

पुसणं मात्र इथे लागतंच, म्हणजे टिपणं. मोठा जाड मायक्रोफायबरचा टॉवेल बोनेटवर पसरायचा आणि हलक्या हाताने आपल्याकडे ओढायचा, जोर अजिबात नाही. टॉवेलला शिवलेलं लेबल आधी कापून टाका, ते टोचतं. सगळं कोरडं झालं असं वाटून तुम्ही दोन पावलं मागे होता तेव्हा आरशाच्या सांध्यातून एक ओघळ निघतो आणि दारावरून थेट खालपर्यंत जातो. दर वेळी. पेट्रोलच्या झाकणातून, डिकीच्या हँडलमधूनही. म्हणून मी आरसे आधी दोन-तीनदा दुमडून उघडते, मग पाणी झटकतं बऱ्यापैकी.

पक्ष्यांचं सांगायचं राहिलं. सावली हवी तर झाड हवं आणि झाड म्हटलं की पक्षी आले, त्यात आमच्या रस्त्याला रेन ट्री, त्याखाली गाडी लावली की वर चिकट थेंबांची जाळी. माघ-फाल्गुनात आंब्याखाली लावणाऱ्यांचे तर हालच, मोहरावर तुडतुडे येतात आणि त्यांचा चिकटा टपकत राहतो. पण खरा वैरी कबूतर. विष्ठेत युरिक ॲसिड असतं आणि उन्हाने क्लिअर कोट मऊ झालेला असताना ते बसलं की संध्याकाळपर्यंत तिथे कायमचा ठसा. ही एकच गोष्ट आहे जी मी बघितल्या बघितल्या काढते, पण खरवडून नाही, त्यात कबुतराने खाल्लेली वाळूही असते. ओला टिश्यू डागावर ठेवायचा, दहा मिनिटं तसाच भिजू द्यायचा आणि मग चिमटीत धरून उचलायचा. उचलायचा म्हणजे उचलायचा, फिरवायचा नाही.

आता मेण. वॅक्स म्हणा, पॉलिश म्हणा, पण पॉलिश आणि वॅक्स एक नाही हे आधी डोक्यात घेतलेलं बरं. रबिंग, पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडासा खरवडून ओरखडे काढायचे, थर कमी होतो. वॅक्स म्हणजे वर एक पातळ थर द्यायचा, ओरखडे जात नाहीत, झाकले जातात आणि पाणी-धूळ धरून राहत नाही. गॅरेजवाले "रबिंग मारून देतो" म्हणतात तेव्हा त्यांना हो म्हणायच्या आधी तो ४०-५० मायक्रॉनचा आकडा आठवावा.

वॅक्सच्या आधी धुतलेल्या बोनेटवर नुसता तळहात फिरवलात तर गुळगुळीत लागेल, पण हातावर एक पातळ कॅरीबॅग चढवा (२०१८ पासून बंदी आहे, पण गादीखाली एक असतेच प्रत्येकाच्या घरी) आणि मग फिरवा. खरखर, खरखर. पिशवीमुळे त्वचा अडकत नाही आणि बारीकातला बारीक खडाही बोटाला कळतो. हे धुवून न गेलेले कण, डांबराचे शिंतोडे, झाडाचा चीक, लोखंडाचा कीस रुतलेला. तो काढायला क्ले बार म्हणून मातीच्या गोळ्यासारखा एक प्रकार मिळतो, भरपूर साबणपाणी मारून तो हळू सरकवायचा, आधी अडखळत जातो, आवाज येतो, आणि चार-पाच फेऱ्यांनंतर अचानक आवाज बंद होऊन नुसता घसरायला लागतो. मला सगळ्या प्रकारात हा क्षण फार आवडतो, का ते सांगता येणार नाही. गोळा जमिनीवर पडला तर मात्र तो टाकून द्यायचा, कितीही जिवावर आलं तरी.

मेणाच्या डबीवर कार्नाउबा लिहिलेलं असतं ते ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या जातीचं. तिकडे कोरडा ऋतू लांबलचक, तर पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड स्वतःच पानांवर मेण चढवतं. लोक पानं कापतात, उन्हात वाळवतात, झोडपतात, आणि मेणाचं पीठ खाली पडतं. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, हे वितळायला ८२ च्या वर जावं लागतं. आता पुण्यात मेमध्ये दुपारी दोन वाजता उघड्यावर उभ्या असलेल्या गडद गाडीचं बोनेट ६०-७० अंशांपर्यंत सहज जातं, त्यावर साधं मेण टिकेल कसं? म्हणून हे. एकटं ते इतकं कडक असतं की चोळताच येत नाही, मग त्यात तेलं, सॉल्व्हंट वगैरे घालून मऊ करतात. गोळ्या-चॉकलेटांवर जी चकाकी असते तीही बऱ्याचदा याचीच, पाकिटावर ई ९०३ दिसलं तर समजून जा. मुलीला हे सांगितल्यापासून ती जेम्सच्या गोळ्या खाताना "मी वॅक्स खातेय" म्हणते.

लावताना हात आवरता आला पाहिजे, बास, बाकी काही कौशल्य नाही. स्पंजला अगदी थोडं घ्यायचं, एका वेळी एकच भाग, इतकं पातळ की लावलंय की नाही असं वाटावं. जाड लावलं तर जास्त चमकत नाही, फक्त काढताना खांदे दुखतात. मग थांबायचं. वर धुरकट साय येते. बोट ओढून बघायचं, मागे स्वच्छ चमकती रेघ राहिली तर झालं, बोटाबरोबर फरफटलं तर अजून थांबा. जुलैत हवेत इतकी ओल असते की ते वाळतच नाही, त्यामुळे मी मे अखेरीला एकदा आणि पाऊस ओसरल्यावर दसऱ्याच्या आधी एकदा असं करते. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरं पडतं आणि मग जुना टूथब्रश घेऊन बसा. टिकतं किती? डबीवर काहीही लिहिलेलं असो, उन्हातान्हात उभ्या गाडीवर काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने. पाणी गोल थेंब होऊन पळायचं थांबलं, चादरीसारखं पसरायला लागलं की मेण संपलं.

लोक म्हणतात एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा एकदाच कोटिंग करून टाक. करा की, सिरॅमिक कोटिंग चांगली गोष्ट आहे, मेणापेक्षा खूप टिकते. माझा राग विकणाऱ्यांवर आहे. एका ठिकाणी मला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, मॅडम, हिरा टेन असतो आणि आपलं कोटिंग नाइन एच, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. आता हे नाइन एच म्हणजे पेन्सिलीचं माप, शाळेत एचबी पेन्सिल असते ना त्याच मोजणीतली सगळ्यात कडक शिशाची पेन्सिल, तिने घासून ओरखडा उठला नाही तर नाइन एच. हिऱ्याचं दहा हे मोझच्या मापातलं, खनिजांचं, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्याआधीच्या काळात टेफ्लॉन कोटिंग विकायचे. टेफ्लॉन वितळतंच ३२७ अंशांना, तव्यावर ते भट्टीत घालून बसवतात, गाडी कुठल्या भट्टीत घालणार होते कोण जाणे. आणि कोटिंग केल्यावर लोक काय करतात, तर आता गाडी सुरक्षित आहे म्हणून दुप्पट जोराने पुसतात.

यावरून आमचे बाबा. बाबांच्या बाबतीत माझं मत चालत नाही आणि चालायचं फारसं कारणही नाही. त्यांच्या पिढीने बजाजची स्कूटर नंबर लावून, वर्षानुवर्षं थांबून घेतली. चेतक घरी आली तेव्हा आजीने तिला ओवाळलं होतं, आणि त्या दिवसापासून ती विकेपर्यंत बाबांनी रोज सकाळी तिला जुन्या बनियनने पुसलं, कामाला जाण्याआधी, देवपूजेनंतर. एवढी वाट बघून मिळालेल्या वस्तूवर धूळ बसू द्या असं त्या माणसाला सांगायचं कोणत्या तोंडाने. आणि तेव्हाच्या रंगांना ते चालायचंही. तेव्हा वर क्लिअर कोट नव्हता, सरळ रंगच. ऊन लागून वरचा थर मेल्यासारखा फिका पडायचा आणि पॉलिश लावून रगडलं की तो मेलेला थर निघून खालचा ताजा रंग वर यायचा. फडकं गाडीच्या रंगाचं व्हायचं. म्हणजे रगडलं की चमक येते हा त्यांचा अनुभव अगदी खरा होता, त्या रंगासाठी. १९९८ मध्ये पिंपरीत बनणारी इंडिका आली आणि काही वर्षांनी बाबांनी ती घेतली, मग दुसरी गाडी, आता तिसरी, रंग बदलत गेले, बाबांचा हात तोच राहिला. बनियनच्या जागी फक्त पिवळं फडकं आलं.

दसऱ्याला तर आमची दरवर्षी बोलणी होतात. खंडेनवमीलाच गाडी धुवून तयार, दसऱ्याला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबं, आणि बाबा अनामिकेने बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला पुढे होतात. मी म्हणते, बाबा, काचेवर काढा ना. "काचेवर काय काढायचं, पूजा गाडीची आहे." "काच गाडीचीच आहे." शेवटी स्वस्तिक काचेवर आणि हळदीचं बोट बोनेटवर यावर मिटलं, कारण हळदीचा पिवळा डाग उन्हात आपोआप उडून जातो, कुंकवाचं तसं नाही, त्यात हल्ली कुठले रंग घालतात देव जाणे. माळ मात्र मी रात्री काढतेच. लोक ती वाळून दोरा राहीपर्यंत लावून फिरतात आणि तो दोरा वाऱ्याने बंपरवर करवतीसारखा चालत असतो.

तर गेल्या मे महिन्यात बाबांचा वाढदिवस होता, त्यांना वस्तू काहीच नको असतात, म्हणून म्हटलं तुमची गाडी मी करून देते. त्यांच्याकडे सहकारनगरला गेले, दोन बादल्या, पंप, सगळा संसार घेऊन. धुतली, क्ले केली, वॅक्स लावलं, बाबा खुर्ची टाकून बसले होते आणि मी फडक्यावर, ओरखड्यांवर, मायक्रॉनवर जे काय बोलता येईल ते सगळं बोलले. टॉर्च मारून जाळंही दाखवलं. ते मान हलवत होते, मधेच म्हणाले, "हो, पटतंय तुझं." आईनेही भुवया उंचावल्या, कारण हे वाक्य आमच्या घरात फारसं ऐकू येत नाही. मी पिवळं फडकं त्यांच्यासमोर उचलून डिकीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला फोन.

"अगं, कमाल आहे हां तुझ्या त्या मेणाची! आधी दोन-तीनदा घासावं लागायचं, आता फडकं नुसतं टेकवलं की धूळ साफ. मी आता संध्याकाळीही एकदा पुसणार आहे. आणि ते डबीवरचं नाव जरा मराठीत लिहून पाठव, खालचे देशपांडे पण मागतायत."